पत्र्याखालची बाळंतखोली

मला ऊन लागलं तेव्हा मी उन्हात नव्हते. घरात होते. खाटेवर, अंगावर गोधडी घेऊन, अकरा दिवसांच्या लेकीला कुशीत घेऊन पडले होते. उन्हाळ्यात लोक शेतातल्या माणसाची काळजी करतात, रस्त्यावरच्या माणसाची करतात. घरातल्या बाईला कुणी विचारत नाही, बाई, तुझ्या डोक्यावर काय आहे? माझ्या डोक्यावर पत्रा होता.

मी मनीषा, माजलगाव तालुक्यातल्या एका गावची. आमच्या भावकीत पदवी घेणारी मी पहिली, पोरं-पोरी दोन्हींत पहिली. बी.एस्सी., भौतिकशास्त्र. हे मी सांगते आणि सांगत राहणार. माझी माय अंगठा लावते, आणि माझ्या गुणपत्रिका तिने लुगड्यांच्या घडीत जपून ठेवल्यात. पण या लिखाणात त्या शिक्षणाने काय केलं, तेही मला सांगायचं आहे. ज्यांच्या घरी येत्या उन्हाळ्यात बाळंतीण येणार आहे, त्यांनी जरूर वाचावं.

मायची हौस

माझा जन्म उसाच्या फडावरचा, पाचटाच्या कोपीतला. मायने पाचव्या दिवशी मोळ्या उचलल्या. धाकट्या आशीच्या वेळीही तसंच. कमरेला हात लावून ती आजही म्हणते, "तवापासून गेली ती गेलीच." तिचं बाळंतपण असं कुणी केलंच नाही. शेक नाही, धुरी नाही, लाडू नाही. वाऱ्यात बाळंत झाली आणि वाऱ्यातच उठली.

म्हणून माझे दिवस भरत आले तेव्हा तिने सासरी निरोप धाडला, की पहिलं बाळंतपण माहेरचंच. मला म्हणाली, "मने, सव्वा महिना तुला जमिनीवर पाय ठिवू देनार न्हाई. वारा म्हून लागू देनार न्हाई. माझं जे झालं न्हाई ते तुझं करनार."

एप्रिलच्या शेवटी दवाखान्यात मुलगी झाली. सुखरूप. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो आणि मी आतल्या खोलीत गेले. एक खाट, एक लहान खिडकी, वर पत्रा. रोज सकाळी मालिश, कढत पाण्याची अंघोळ, मग खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. त्यात ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी. कानाला फडकं, पायात मोजे. बाहेरच्या खोलीत कूलर होता, पण बाळंतिणीला गार वारा नको. पाणी उकळून कोमट केलेलं, तेही लहान फुलपात्रातून. जास्त पाणी प्यायलं की पोट सुटतं म्हणे.

मी एकदा म्हटलं, "माय, लई उकडतंय."

"उकडू दे. आत्ता उकडलं की म्हातारपनी दुखत न्हाई."

मला हे सगळं चूक आहे हे कळत होतं. पण तिच्याकडे बघितलं की तोंडातला शब्द तोंडात राहायचा. ती इतकी खुश होती. पहाटे उठून डिंक तळायची, खोबरं भाजायची आणि स्वतःशीच गाणं म्हणायची. मायला गाताना मी त्याआधी ऐकलंच नव्हतं. आणि ती स्वतः कधी कूलरसमोर बसली नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "बस की जरा, कोन बघतंय." तर म्हणाली, "पोरगी आत शिजतीय आन मी हितं गार वारा खाऊ व्हय?"

अकरावा दिवस

दुसऱ्या दिवशी बारसं होतं. सासूबाई येणार, नणंद येणार, पाळणा सजवायचा. माय बाहेर गहू निवडत बसली होती. अण्णा मंडपवाल्याकडे गेले होते. आशी, तेव्हा तिची अकरावी संपली होती, माजलगावला क्लासला गेली होती.

सकाळचा शेक झाला. शेगडी मायने बाहेर नेली, पण खोली तापलेलीच होती. खिडकी बंद, तिच्यावर वाकळ टांगलेली. दाराला पडदा.

बाराच्या सुमाराला डोकं दुखायला लागलं. मग घाम यायचा थांबला. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. खोली गार झाली असं वाटलं. घाम थांबणं म्हणजे काय हे मला दहावीपासून ठाऊक होतं, पण तापलेल्या डोक्याला ठाऊक असून उपयोग नसतो.

बाळ रडत नव्हतं. सकाळी थोडं प्यायलं, मग झोपलं. लंगोट कोरडा होता. माय मध्ये एकदा डोकावली, दोघी झोपलेल्या बघून पडदा सारखा केला. नंतर मला म्हणाली, "मला वाटलं, गुनाची पोर हाय. आईला तरास देत न्हाई."

त्यानंतरचं मला तुकड्यांत आठवतं. भिंतीतून कुणीतरी माझा परीक्षा क्रमांक पुकारत होतं. मला उठायचं होतं आणि हॉल तिकीट सापडत नव्हतं. कुशीतलं गाठोडं कशाचं आहे हे मला समजत नव्हतं. मी ते बाजूला सारलं. हे मी केलं. माझ्या हाताने तिला भिंतीकडे सारलं, हे मला स्पष्ट आठवतं. बाकी काही आठवलं नसतं तर चाललं असतं, पण हेच आठवतं.

दोनला आशी आली. तिने पडदा उचलला आणि मागे सरली. ती सांगते, भट्टीचं तोंड उघडल्यासारखं झालं. मी काहीतरी बरळत होते. तिने बाळ उचललं. अंग तापलेलं, मान सैल.

"माय! हिचा लंगोट कवा बदलला?"

"सकाळी."

"सकाळपून कोरडा हाय ह्यो? माय, सकाळपून?"

आशीने वाकळ ओढून काढली, खिडकी उघडली. माय धावत आली आणि तोंडातून सवयीने निघालं, "अगं वारा लागंल!"

"वारा कुठला लागतोय? मरायला लागल्यात दोघी!"

शेजारी सलीमभाई राहतात. मोटारपंप दुरुस्त करतात आणि पंप न्यायला-आणायला त्यांच्याकडे मालवाहू ॲपे रिक्षा आहे. आशी अनवाणी त्यांच्या दारात गेली. त्यांनी काही विचारलं नाही. दोन पोती पाण्याच्या टाकीत बुडवली, ॲपेत अंथरली, मला उचलून त्यावर टाकलं. आपला गमछा भिजवून माझ्या डोक्याला गुंडाळला. पाण्याचा कॅन आशीच्या हातात दिला आणि म्हणाले, "ओतत रह. थांबू नको." रस्ताभर मोठ्याने बोलत राहिले, "मनीषा बेटी, डोळे उघड. ए ग्रॅज्युएट! सतराचा पाढा म्हण बरं!" मी म्हटला म्हणे. चुकला म्हणे. त्यांनी शिव्या घालून दुरुस्त केला म्हणे.

माय मागे बाळ छातीशी घेऊन बसली होती, ओल्या पदराने तिचं अंग टिपत. 

काचेच्या पलीकडे

तालुक्याला सलाईन लावलं आणि रुग्णवाहिकेने बीडला पाठवलं. मला ओल्या चादरीत गुंडाळून पंख्याखाली ठेवलं, काखेत बर्फाच्या पिशव्या. संध्याकाळपर्यंत मी माणसांत आले. पहिला प्रश्न विचारला, "बाळ?"

आशी म्हणाली, "वर हाय. काचेत हाय." आणि दुसरीकडे बघायला लागली.

बाळाच्या अंगातलं पाणी आटलं होतं. झटके येत होते. डावा हात आपोआप हलायचा, पाय सायकल चालवल्यासारखे. काचेच्या पेटीवर चिठ्ठी होती, "बेबी ऑफ मनीषा". बारसंच झालं नव्हतं. ती गेली असती तर नाव नसताना गेली असती. ही गोष्ट मला तेव्हा इतकी लागली की मी काचेपाशी उभी राहून मनातल्या मनात तिला दहा-पंधरा नावांनी हाक मारली. कुठल्या तरी नावाला वळून बघेल म्हणून.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रागावलेल्या होत्या, आणि रागावायला हव्याच होत्या. त्यांनी विचारलं, "शेगडी कोणी पेटवली? खोली कोणी बंद केली?"

माय पुढे झाली. "मी. समदं मीच केलं."

"उन्हाळ्यात बाळंतिणीला पाणी तोडता? तिला पाणी नाही तर दूध कुठून येणार? भाजत होता का पोरीला?"

माय मान खाली घालून उभी होती. "चुकलं बाई. मी अडानी हाय."

मी खाटेवर होते. ऐकत होते. तोंडाला कोरड होती, पण बोलता येत होतं.

सासूबाई

बारशाला निघालेल्या सासूबाई बीडला उतरल्या. वॉर्डात आल्या आणि सगळ्यांसमोर मायला म्हणाल्या, "माझी नात भाजून काढली तुमी. आडान्याच्या हाती लेकरू दिलं की आसंच व्हतं. आमची सूनबाई शिकलेली हाय, तिला समदं कळतंय, पर तुमी तिचं ऐकताल तवा ना!"

माझा नवरा संभाजीनगरला कंपनीत आहे, तोही रात्रपाळी सोडून आला होता. तो माझ्याशी नीट बोलला, पाणी पाजलं, डोकं चेपलं. मायकडे त्याने बघितलंही नाही.

माय कॉरिडॉरमध्ये फरशीवर बसून राहिली. सहा दिवस. कुणी बाकावर बस म्हटलं तरी खाली. जेवली की नाही कुणाला माहीत नाही. दवाखान्याची दिनचर्या अशी: पहाटे फरशी पुसायला येतात, तेव्हा सगळ्यांनी उठून बाहेर. मग राउंड. दर दोन तासांनी मी वाटीत दूध काढायचं आणि वर पाठवायचं. पहिल्या दिवशी वाटीचा तळ ओला झाला, एवढंच. ती वाटी सिस्टरकडे देताना मला जी शरम वाटली ती कुठल्या नापासाला वाटली नसेल. सिस्टर म्हणाली, "एवढंपण चालतं. सोनं आहे हे. आण इकडं." आणि माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "हा संपव, मग रड."

तिसऱ्या दिवशी दुपारी तीच सिस्टर पायऱ्या उतरत ओरडत आली, "बेबी ऑफ मनीषा! कोण आहे? बाळाने शू केली! भरपूर केली!"

कॉरिडॉरमधली अनोळखी माणसं हसली. सासूबाईंनी हात जोडले. आणि माय, जी तीन दिवस दगडासारखी बसली होती, ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली. कुणाच्या मुताचा इतका आनंद मी आयुष्यात बघितला नाही.

सहाव्या दिवशी झटके थांबले. दहाव्या दिवशी आम्ही घरी. निघताना नणंदेने तिथेच, दवाखान्याच्या फाटकाबाहेर लिंबाखाली, बाळाच्या कानात नाव सांगितलं. श्रेया.

जे मी वर लिहिलं नाही

वर अकराव्या दिवसाचं लिहिलं आहे, त्यात मी एक गोष्ट गाळली. डॉक्टरीणबाईंसमोर गाळली, नवऱ्यासमोर गाळली, तशीच इथेही गाळून पुढे गेले. हाताला सवय झाली आहे.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला माय आत आली होती. दहा दिवस जी वाऱ्याला उंबरा ओलांडू देत नव्हती, ती कपाळ पुसत म्हणाली, "मने, आज लईच तलखी हाय. लेकरू लाल झालंय. घडीभर खिडकी उघडू का? कुनाला सांगनार न्हाई."

तिने आपली हौस बाजूला ठेवली होती. तिच्या डोळ्यांना दिसलं होतं.

आणि मी म्हणाले, "नको. बाहेरची हवा जास्त गरम असते. दुपारी खिडक्या बंदच ठेवायच्या, पडदे लावायचे. हे शास्त्र आहे, माय. तुला नाही कळायचं."

उष्णतेच्या लाटेत काय करावं याचं एक चित्र फोनवर फिरत होतं. त्यात तसं लिहिलं होतं. मीच ते गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं, खाली स्वतःचं नाव आणि पदवी घालून. मी उठले, खिडकीची कडी लावली, आणि फटीतून ऊन येत होतं म्हणून वाकळ टांगली. माय म्हणाली, "तुला ठावं," आणि बाहेर गेली. तिचा स्वर अजून कानात आहे. त्यात राग नव्हता. भरवसा होता.

ती सूचना खोटी नव्हती. जाड भिंतीच्या घराला, स्लॅबच्या घराला ती बरोबर आहे. सकाळचा गारवा आत कोंडून राहतो. पण आमचं छत पत्र्याचं. पत्रा म्हणजे तवा. त्याखाली सकाळी शेगडी पेटलेली, अंघोळीच्या पाण्याची वाफ तशीच कोंडलेली, आणि त्यावर मी कडी लावून झाकण ठेवलं. बाहेर गरम होतं हे खरं, पण आत त्याहून गरम होतं. हे समजायला पदवी लागत नाही. हात बाहेर काढून बघायचा, एवढंच. मायने ते केलं होतं.

आता

श्रेया तेरा महिन्यांची आहे. भिंत धरून उभी राहते. डावा पाय थोडा मागे राहतो, की मलाच तसं वाटतं, कळत नाही. डॉक्टर म्हणतात, बघत राहू. मी बघतच असते. ती पहिल्यांदा हसली तो दिवस, पालथी पडली तो दिवस, सगळं मी दुसऱ्यांच्या लेकरांशी ताडून बघते. पुढे शाळेत तिला एखादं गणित सुटलं नाही तर मला कडीचा आवाज येणार, हे मला आत्ताच ठाऊक आहे.

दुपारी ती शांत झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरते. मी तिला चिमटा काढते. रडली की छातीशी घेते. नवरा म्हणतो, "अगं झोपू दे की." त्याला काय सांगू?

माहेरच्या पत्र्याला या वर्षी चुना मारला, वर हिरवी जाळी टाकली. समोरच्या भिंतीत दुसरी खिडकी पाडली, म्हणजे कूलरची हवा एकीकडून येते आणि दुसरीकडून निघून जाते. कूलर लावून खोली बंद केली की घाम वाळत नाही, हेही लोकांना माहीत नसतं. पत्रा फारच तापला तर घर सोडून लिंबाखाली खाट टाकतो. लाज वाटून घेत नाही. बाळंतिणीला पाणी द्या, मागेल तेवढं. लेकराचे ओले लंगोट मोजा. लेकरू दुपारभर शांत आहे म्हणून कौतुक करू नका, उठवा.

चुना

चुना मारला त्या दिवशी मी माहेरी होते. माय बादलीत चुना कालवत होती, मी पाणी घालत होते. श्रेया आशीच्या कडेवर होती, दोघी गल्लीत होत्या. मी वर्षभर घोकलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं.

"माय, त्या दिवशी खिडकी मी बंद केलती."

ती कालवतच राहिली. "मग?"

"मग म्हणजे? तू उघडू का म्हणाली होतीस. मी कडी लावली. वाकळ मी टांगली."

"ठावं हाय. मी काय आंधळी हुते का?"

"मग दवाखान्यात कावून बोलली न्हाईस? सगळ्यांनी तुला बोल लावला. आजूनबी लावतात."

तिने काठी बादलीला टेकवली. "बोलले आसते तर काय झालं आसतं? तुझी सासू म्हनली आसती, शिकून हेच दिवे लावले. तुझे चुलते तर वाटच बघत हुते. आशीला त्याच महिन्यात दोन स्थळं आलती, म्हाईत हाय का तुला? एकीला शिकवून काय झालं बघा, दुसरीचं उरकून टाका, आसं म्हनले आसते. तुझ्या बापाला त्यांच्याम्होरं बोलता येत न्हाई." मग हात झटकत म्हणाली, "माझं काय? मी अडानीच हाय. अडान्यानं चूक केली तर कुनाची शाळा बंद पडत न्हाई."

मला रडू आलं नाही. अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं, आणि ते हलकं होणं नव्हतं. वर्षभर मला वाटत होतं की मी तिच्यापासून काहीतरी लपवते आहे. ती माझ्यासमोर ते उचलून चालत होती, आणि मी तिला चालू दिलं होतं.

"मी हे लिहिणार आहे," मी म्हटलं. "माझं नाव घालून."

तिने काठी उचलून पुन्हा चुना कालवायला घेतला. मग म्हणाली, "लिव. पर आशीचं कालिजचं पक्कं हुऊ दे आदी."

आशीचा बारावीचा निकाल लागला. बीडला नर्सिंगला तिचा नंबर लागला आहे. मागच्या सोमवारी अण्णा तिला वसतिगृहात सोडून आले, आणि मायने पक्कं झालं का ते विचारून यायला सांगितलं होतं, त्याचं एका वाक्याचं उत्तर घेऊन आले, की फी भरली, पावती मिळाली, आता माघारी बोलवता येत नाही.

म्हणून आज लिहिलं. सासूबाई, हे तुम्हालाही वाचून दाखवायला मी तुमच्या मुलाला सांगितलं आहे. चुलत्यांनी आपल्या पोरांकडून वाचून घ्यावं. आणि यापुढे कुणाला काही बोलायचं असेल, तर मायच्या दारात जाऊ नका. माझ्याकडे या.